छोट्या क्लबचा साहेब की मोठ्या क्लबचा दोन नंबर?

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला आम्ही चौघं जमतो. त्यातले अण्णा सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेले. फुटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच, की शनिवारी रात्री नातू टीव्हीचा रिमोट सोडत नाही. गेल्या महिन्यात रश्शाची वाटी पुढे ओढत त्यांनी विचारलं, “काय रे, नातू सांगत होता, तिकडचा कुठलासा मॅनेजर स्वतःचा क्लब सोडून दुसऱ्या क्लबात असिस्टंट म्हणून जायचा विचार करतोय. त्याने काही घोळ घातला का? आमच्याकडे मॅनेजरचा असिस्टंट झाला, की लोक समजून जायचे, ऑडिटमध्ये काहीतरी निघालं.”

आम्ही हसलो. चौथा माणूस हसला नाही. तो इथल्याच एका शाळेच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतो, सगळे त्याला सर म्हणतात, म्हणून आम्हीही. त्याच आठवड्यात त्याला मुंबईच्या एका मोठ्या अकादमीतून फोन आला होता: आमच्याकडे असिस्टंट कोच म्हणून याल का? इथे तो सर्वेसर्वा, साठ-सत्तर पोरं, तीन बॅचेस, सगळे निर्णय त्याचे. तिथे वर एक हेड कोच असणार होता.

त्या दिवशी दुसरी मिसळ मागवून जे बोलणं झालं, ते जरा नीट लावून इथे लिहितोय. युरोपातल्या फुटबॉलच्या बातम्यांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो अण्णांसारखाच उलटा दिसतो.

पहिला गोंधळ शब्दाचा. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे बँकेतला. क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे तर हॉटेलच्या खोल्या आणि बसच्या वेळा बघणारा गृहस्थ. ब्रिटिश फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे क्रिकेटचा कोच, निवड समिती आणि सीमारेषेबाहेर उभा राहिलेला कर्णधार, तिन्ही एकाच कोटात. कोण खेळणार, कसं खेळणार, कोण बाकावर बसणार, साठाव्या मिनिटाला कुणाला बाहेर काढायचं, हे तोच ठरवतो. पूर्वी खेळाडू विकत घेण्यातही त्याचाच शब्द शेवटचा असे. आता बहुतेक मोठ्या क्लबांत त्यासाठी स्पोर्टिंग डायरेक्टर बसलेला असतो, आणि पदाचं नावही हळूहळू ‘हेड कोच’ होत चाललंय.

दुसरा गोंधळ शिडीचा. आपण एकच शिडी धरून चालतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. मिळून ९२ क्लब आणि ९२ मॅनेजर. पदाचं नाव सगळ्यांचं एक, पण पहिल्याचं आणि नव्वदाव्याचं जग एकमेकांना ओळखणारही नाही. म्हणजे पदाची एक शिडी आणि क्लबची दुसरी. लीग वनच्या मॅनेजरला प्रीमियर लीगमधून असिस्टंटचं बोलावणं येतं, तेव्हा तो एका शिडीवर पायरी उतरतो आणि त्याच वेळी दुसऱ्या शिडीवर दोन पायऱ्या चढतो.

अण्णांना मी शाळेचं उदाहरण दिलं. दिंडोरीकडच्या दोन शिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आणि नाशिक शहरातल्या तीन हजार मुलांच्या शाळेचा पर्यवेक्षक. पाटीवर पहिल्याचं पद मोठं. पण वर्ग किती, शिक्षक किती, प्रयोगशाळा कशी, बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र कसं चालतं, हे कोण शिकेल?

“आणि पगार?” अण्णा.

पगारही. खालच्या श्रेणीतल्या मॅनेजरपेक्षा वरच्या श्रेणीतल्या मोठ्या क्लबचा असिस्टंट अनेकदा जास्त कमावतो. पण फक्त पगाराचा हिशेब असता, तर या विषयावर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आता दोघांचा दिवस बघू. लहान क्लबचा मॅनेजर म्हणजे लग्नघरातला यजमान. लीग टू असो की चॅम्पियनशिप, हंगामात लीगचेच ४६ सामने (प्रीमियर लीगमध्ये ३८). त्यात मंगळवारी रात्रीचा लांबचा प्रवास, दुखापतींमुळे फाटलेला संघ, दुसऱ्या क्लबाकडून लोनवर, म्हणजे उसना आणलेला पोरगा जो जानेवारीत परत जाणार, चिखल झालेलं मैदान, अध्यक्षांचा फोन, स्थानिक पेपरचा फोन. सरावाचा आराखडा करायला बसावं, तर कुणीतरी येऊन सांगतं, गोलकीपरचे हातमोजे आले नाहीत. काम पूर्ण तुमचं असतं, पण कोचिंग त्यात किती उरतं, हे विचारू नये.

मोठ्या क्लबात कामं वाटलेली. गोलकीपरांचा वेगळा कोच, कॉर्नर आणि फ्री किकसाठी सेट-पीस कोच, व्हिडिओ कापून देणारे विश्लेषक, आहारवाले, धावण्याची आकडेमोड करणारे. आर्सेनलचा सेट-पीस कोच निकोला जोव्हेर हा २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीतून आला, आणि आता आर्सेनलने कॉर्नरवर गोल केला की कॅमेरा त्याच्याकडे वळतो. अशा यंत्रणेत असिस्टंट हा नुसता हरकाम्या नसतो. अनेक क्लबांत रोजचा सराव प्रत्यक्ष तोच घेतो. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला २६ वर्षं होते. त्यांनी मैदानावरचा सराव बऱ्याच अंशी सहकाऱ्यांवर सोपवला होता: ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लॅरेन, कार्लोस केरोश, रेने म्युलेनस्टीन. स्वतः बाजूला उभे राहून बघायचे. कोण मान खाली घालून धावतोय, कोण कुणाशी बोलत नाही, हे शिट्टी हातात असताना दिसत नाही म्हणून.

यातल्या म्युलेनस्टीनचं नाव आपल्याकडच्या लोकांनी ऐकलेलं असेल. तो २०१७ मध्ये केरळ ब्लास्टर्सचा हेड कोच म्हणून आला होता आणि जानेवारी २०१८ च्या पहिल्याच आठवड्यात गेला. त्याची आधीची वाट आपल्या विषयाला चपखल बसते. २००६ मध्ये युनायटेडची नोकरी सोडून तो डेन्मार्कच्या ब्राँडबीचा मॅनेजर झाला, काही महिन्यांत ते फिसकटलं, परत युनायटेडला आला, आणि फर्ग्युसनच्या शेवटच्या वर्षांत पहिल्या संघाचा सराव त्याच्याच हातात होता. एक नंबर म्हणून जे जमलं नाही, त्याचा दोन नंबर म्हणून काम करताना तोटा झाला नाही.

(‘दोन नंबर’ म्हटल्यावर अण्णांनी भुवया उंचावल्या. आपल्याकडे दोन नंबरचं काम म्हणजे वेगळंच. फुटबॉलमध्ये मात्र असिस्टंटला सरळ दोन नंबर म्हणतात, त्यात बिल न देण्याचा काही संबंध नाही.)

कामाच्या यादीपेक्षा नात्यातला फरक जास्त खोल आहे. मला तो घरातल्या वडील आणि काकांसारखा वाटतो. वडील निर्णय देतात: सहलीला जायचं नाही. पोरगं रडत काकांकडे जातं. काका समजूत घालतात, वडिलांची बाजूही सांगतात, वर कुल्फीला पैसे देतात. संघात शनिवारच्या अकरातून नाव कापतो मॅनेजर. सोमवारी सरावानंतर त्या खेळाडूसोबत अर्धा तास थांबून ‘तुझा पहिला टच कुठे चुकतोय ते बघू’ म्हणतो असिस्टंट. खेळाडू त्याला मनातलं सांगतात. कधी कधी मॅनेजरबद्दलही सांगतात, आणि त्यातलं किती वर पोहोचवायचं, हे ठरवणं हीच दोन नंबरच्या नोकरीतली सगळ्यात अवघड कला.

गंमत अशी, की काका वडील झाले की पंचाईत होते. ब्रायन किड १९९१ पासून फर्ग्युसनचा असिस्टंट, खेळाडूंचा लाडका. डिसेंबर १९९८ मध्ये तो ब्लॅकबर्न रोव्हर्सचा मॅनेजर म्हणून गेला. ब्लॅकबर्न म्हणजे कुणी ऐरागैरा क्लब नव्हे, १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला. मे १९९९ मध्ये ब्लॅकबर्न खालच्या श्रेणीत घसरला, आणि त्याच महिन्यात किड ज्या घरातून निघाला होता, त्या युनायटेडने लीग, एफए कप आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही जेतेपदं जिंकली. पुढे किड परत दोन नंबरच्या खुर्चीत रमला आणि मँचेस्टर सिटीत कित्येक वर्षं टिकला. लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर युर्गन क्लॉप, त्याचा सहकारी पेपाइन लेंडर्सचंही तसंच. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूल सोडून तो नेदरलँड्सच्या एनईसीचा मुख्य झाला, संघ वरच्या श्रेणीत गेला नाही, जूनमध्ये हा लिव्हरपूलला परत. पुन्हा २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गचा मुख्य झाला आणि डिसेंबरमध्येच त्याला काढलं. २०२५ च्या उन्हाळ्यात तो पेप ग्वार्डिओलाचा असिस्टंट म्हणून मँचेस्टर सिटीत आला. काही माणसं उत्तम काका असतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तो जगाला वाटतो.

हे सगळे दोन नंबरवरून एक नंबरकडे गेलेले. आपला प्रश्न उलट्या दिशेचा: आधीच एक नंबर असलेल्याने खाली का यावं?

याचं माझं आवडतं उत्तर जुनं आहे. १९६५ साल. बर्टन अल्बियन हा त्या वेळी इंग्लंडच्या मुख्य लीगच्याही बाहेरचा क्लब, त्याचा मॅनेजर पीटर टेलर. मिडल्सब्रोत तो गोलकीपर असताना त्याच्यासोबत खेळलेला ब्रायन क्लफ हा त्याचा दोस्त. क्लफला वयाच्या तिसाव्या वर्षी हार्टलपूल्सची नोकरी मिळाली, चौथ्या श्रेणीतला दरिद्री क्लब. क्लफने टेलरला बोलावलं. टेलरने आपली मॅनेजरची खुर्ची सोडली आणि मित्राच्या हाताखाली गेला. त्या वेळी बर्टनमध्ये कुणी अण्णा असतील, तर त्यांनी ऑडिटचा संशय नक्की घेतला असेल.

दोघांचं पुढे काय झालं ते फुटबॉलच्या इतिहासात आहे. डर्बी काउंटीला दुसऱ्या श्रेणीतून काढून १९७२ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद. मग दोघं ब्रायटनला गेले, आणि तिथे फाटे फुटले. १९७४ मध्ये क्लफला लीड्स युनायटेडने बोलावलं. टेलर गेला नाही. तो ब्रायटनलाच थांबला, पुन्हा एक नंबर म्हणून. लीड्समध्ये एकटा क्लफ ४४ दिवस टिकला. टेलरने ब्रायटनमध्ये दोन हंगाम काढले, संघाला वरच्या श्रेणीत नेता आलं नाही. १९७६ मध्ये तो पुन्हा एकदा मॅनेजरची खुर्ची सोडून क्लफचा असिस्टंट झाला, या वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये. १९७७ ला फॉरेस्ट पहिल्या श्रेणीत, १९७८ ला लीगचे विजेते, १९७९ आणि १९८० ला लागोपाठ युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग). १९८२ मध्ये टेलर बाजूला झाला, आणि त्यानंतर क्लफला लीगही मिळाली नाही आणि युरोपियन कपही.

टेलरला स्वतःबद्दल एक गोष्ट नेमकी माहीत होती. खेळाडू हेरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसांसमोर उभं राहून त्यांना पेटवणं हे क्लफचं काम. मी यातून जे घेतो ते असं: दोन नंबरची खुर्ची त्याला लाभते, ज्याला एक नंबरवर बसून आपल्यात काय कमी आहे ते कळलेलं असतं. ते कळायच्या आधी गेलात, तर नुसते दुसऱ्याच्या सरावाचे शंकू लावत बसाल.

हल्लीच्या काळात हे एन्झो मारेस्काने केलं. २०२१ मध्ये तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पार्माचा हेड कोच झाला आणि नोव्हेंबरात त्याला काढलं. पुढच्याच वर्षी ग्वार्डिओलाच्या हाताखाली सिटीत. तिथे २०२३ ला तीन जेतेपदं जवळून पाहिली, मग लेस्टर सिटीचा मॅनेजर झाला, २०२४ ला चॅम्पियनशिप जिंकली, आणि तिथून चेल्सी. जेसी मार्शला तर कुणी काढलंही नव्हतं. न्यूयॉर्क रेड बुल्सचा तो हेड कोच, २०१८ च्या हंगामाच्या मध्यात ते सोडून जर्मनीत लाइपझिगमध्ये राल्फ रांगनिकचा असिस्टंट म्हणून गेला. युरोपात अमेरिकन कोचला सहसा कुणी दार उघडत नव्हतं. त्याने खिडकीतून शिरायचं ठरवलं. वर्षभरात तो साल्झबर्गचा हेड कोच होता.

आणि आपल्याकडे खालिद जमील. २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचं विजेतेपद मिळवून देणारा माणूस. पुढे कोलकात्याचे दोन्ही मोठे क्लब सांभाळले. पण पैसा आणि प्रकाशझोत तोवर आयएसएलकडे (इंडियन सुपर लीग) सरकला होता, आणि तिथे मुख्य खुर्ची परदेशी कोचसाठी राखल्यासारखी. मग हा राष्ट्रीय विजेता नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये जेरार्ड नुसचा असिस्टंट होता. जानेवारी २०२१ मध्ये नुसला काढलं, संघ जमीलच्या हाती आला, आणि त्याने तो उपांत्य फेरीपर्यंत नेला. त्या वर्षी तो आयएसएलमधला पहिला पूर्णवेळ भारतीय हेड कोच झाला. ऑगस्ट २०२५ पासून भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक. त्याने असिस्टंट होणं मानापमानाचा प्रश्न केला असता, तर यातलं किती घडलं असतं?

इथवर ऐकून सरांचा चेहरा उजळला होता. पण जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगणं म्हणजे लॉटरी लागलेल्याच्या घरासमोरून वरात काढण्यासारखं आहे. म्हणून मग रेने हाकेची गोष्ट सांगितली.

हाके नेदरलँड्समधल्या गो अहेड ईगल्स या डेव्हेंटरच्या क्लबचा हेड कोच. लहान क्लब, पण २०२३-२४ मध्ये त्याने त्यांना युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीपर्यंत नेलं. गावात मान, हातात चांगला संघ. जुलै २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने बोलावलं: एरिक टेन हागचा असिस्टंट हो. त्याच्यासोबत आणखी एक असिस्टंट आला, रूड व्हॅन निस्टलरॉय, युनायटेडचा जुना स्ट्रायकर. तोही आधी एक नंबर होता, पीएसव्ही या डच क्लबला त्याने डच कप जिंकून दिला होता. ऑक्टोबरच्या शेवटी टेन हागला काढलं. व्हॅन निस्टलरॉयने तात्पुरता मॅनेजर म्हणून चार सामने बघितले, तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला. नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम पोर्तुगालहून स्वतःची माणसं घेऊन आला, आणि हे दोघं बाहेर.

हाकेचे चार महिने. आणि त्याने सोडलेल्या गो अहेड ईगल्सने एप्रिल २०२५ मध्ये नव्या कोचच्या हाताखाली त्यांच्या इतिहासातला पहिला डच कप जिंकला.

सर काही वेळ पावाचा तुकडा नुसता फिरवत बसले. मग अण्णांनी, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही, बरोबर जागी बोट ठेवलं. “म्हणजे नोकरी क्लबची नाहीच. साहेबाची आहे. साहेब किती दिवसांचा, ते बघायला पाहिजे.”

अगदी. मॅनेजर स्वतःच्या निकालांवर टिकतो किंवा जातो. असिस्टंट दुसऱ्याच्या निकालांवर जातो. संघ हरत असेल, तर बदल करायचा अधिकार त्याच्याकडे नाही, पण बॅग भरायची वेळ एकच. म्हणून अनुभवी माणूस अशी ऑफर आली की क्लबच्या नावाआधी साहेबाचा करार किती वर्षं उरलाय ते बघतो. मालक खूश आहेत का? गेल्या हंगामाच्या शेवटी पेपरात काय येत होतं? टेन हागच्या नोकरीबद्दल २०२४ च्या उन्हाळ्यातच उघड चर्चा होती. क्लबने त्याला ठेवायचं ठरवलं खरं, पण ते ठरवायला वेळ लागला होता. हे हाकेला दिसत नव्हतं असं नाही. पण मँचेस्टर युनायटेडला नाही म्हणायला काळीज लागतं. लागलीच निवाडा देण्याइतका मी शहाणा नाही.

साहेब गेल्यावर कधी कधी उलटंही होतं. हान्सी फ्लिकने पूर्वी हॉफेनहाइमला मुख्य म्हणून काही वर्षं काढली होती, मग आठ वर्षं जर्मनीच्या संघात योआखिम ल्योव्हचा असिस्टंट, २०१४ चा विश्वचषक त्याच खुर्चीत बसून जिंकलेला. २०१९ मध्ये तो बायर्न म्युनिकमध्ये निको कोव्हाचचा असिस्टंट झाला. नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टकडून ५-१ अशी धुलाई झाली, कोव्हाच गेला, फ्लिकला ‘तात्पुरतं बघा’ म्हणाले. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ हरवलं आणि चॅम्पियन्स लीग घेऊन घरी आले. फ्लिक आणि व्हॅन निस्टलरॉय, दोघांच्याही पायाखाली तेच दार उघडलं. एकाच्या वेळी मालकांच्या हातात दुसरं नाव तयार होतं, एकाच्या वेळी नव्हतं. या नशिबावर करिअर बांधू नये. आणि ‘साहेब गेल्यावर तूच’ हे तोंडी आश्वासन तर मुळीच धरू नये.

तोंडीवरून कराराकडे. अण्णांना हा भाग सगळ्यात आवडला. कराराखाली असलेल्या मॅनेजरशी दुसऱ्या क्लबने आधी बोलायचं नसतं; त्याच्या क्लबची परवानगी मागायची असते. मग नुकसानभरपाई ठरते. अमोरिमला हंगामाच्या मध्यात आणायला युनायटेडने त्याच्या जुन्या क्लबला, स्पोर्टिंगला, सुमारे १ कोटी १० लाख युरो दिले. ग्रॅहम पॉटर आणि त्याच्या सहकाऱ्यांसाठी २०२२ मध्ये चेल्सीने ब्रायटनला २ कोटी पौंडांहून जास्त मोजले. असिस्टंटसाठीचे आकडे यापेक्षा पुष्कळ लहान, पण तत्त्व तेच. त्यामुळे कधी कधी निर्णय माणसाने घ्यायच्या आधीच दोन क्लबांचे हिशेबनीस घेऊन टाकतात. जागतिक पातळीवर बघाल तर खेळाडूंच्या करारांचे नियम फिफाकडे होतेच. कोचच्या करारांसाठी मात्र स्वतंत्र परिशिष्ट १ जानेवारी २०२१ पासून आलं. करार कसा असावा, पगार थकला तर काय, कारणाशिवाय काढलं तर भरपाई कशी, हे त्यात आहे. तोवर कोचची अवस्था रोजंदारीवरच्या वाजंत्र्यासारखी होती. वरात पुढे गेली की पैशासाठी मागे धावायचं.

इंग्लंडमध्ये आणखी एक झकास प्रकार आहे, ‘गार्डनिंग लीव्ह’. नोकरी सोडलीत, पण ठराविक महिने दुसरीकडे जायचं नाही. घरी बसा, बागेला पाणी घाला, पगार चालू. अण्णा म्हणाले, आमच्या वेळी युनियनने हे मागायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र करारात लिहिलेली नसते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महाग पडते. निर्णय घेण्याची सवय. सत्तरावं मिनिट, एक गोलने मागे, बाकावर तीन पोरं, सगळं मैदान तुमच्याकडे बघतंय. त्या क्षणी पोटात जो गोळा येतो, तो येतच राहिला तर माणूस मॅनेजर राहतो. असिस्टंट त्या क्षणी साहेबाच्या कानात सल्ला देतो, आणि सल्ला फसला तरी रात्री त्याला झोप लागते. दोन-चार वर्षं अशी झोप लागायची सवय झाली, की परत तो गोळा नको वाटतो. उलट बाजूही आहे: ज्याने तो गोळा अनुभवलाय, तो असिस्टंट साहेबाला नेमकं काय हवंय ते न विचारता ओळखतो. म्हणून तर हुशार मॅनेजर मुद्दाम माजी मॅनेजरांना जवळ घेतात. आणि असुरक्षित मॅनेजर त्यांना दारातही उभं करत नाहीत, कारण बाजूच्या खुर्चीत आपली बदली बसवून कोण घेईल?

मागे राहणाऱ्यांचंही बघायला हवं. मॅनेजर एकटा नसतो. त्याने आणलेला गोलकीपर कोच, त्याच्या शब्दावर दुसरा क्लब नाकारलेला मिडफिल्डर, हे सगळे असतात. मोठा क्लब सहसा असिस्टंटला एकट्यालाच घेतो. आपली पलटण सोबत न्यायची मुभा फक्त एक नंबरला.

सरांचा मामला अर्थात या सगळ्याच्या मानाने चिमूटभर. नुकसानभरपाई शून्य, फिफा दूरच. त्यांच्याकडे कोचिंगचं सी लायसन्स आहे. अकादमी बी लायसन्सच्या कोर्सची फी भरायला तयार होती. आपल्याकडची शिडी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी, आणि वरच्या पायऱ्यांचा खर्च नाशिकमध्ये तीन बॅचेस चालवून निघत नाही. इथे अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असला की शाळा सोडून पोरं जातात. फुटबॉलला देवळालीकडे जरा हवा आहे, बाकी शहरात कोच म्हटलं की लोक क्रिकेटचाच समजतात. तिथे रोज कृत्रिम गवताचं मैदान, व्हिडिओ, वयोगटांचे संघ, पोरांना आयएसएलच्या क्लबांच्या चाचणीला नेण्याची सोय. इथे स्वतःचं नाव आणि सकाळी साडेसहाला ‘सर आले’ म्हणत धावत येणारी पोरं. वासरात लंगडी गाय शहाणी, असं ते स्वतःच म्हणाले. त्यावर अण्णा म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असंही म्हणतात. म्हणींचं काय, दोन्हीकडून मिळतात.”

मी त्यांना एवढंच म्हटलं, की फोन करून तीन गोष्टी विचारा. तिथल्या हेड कोचचा करार कधी संपतो. सराव कोण घेणार, तुम्ही की तो. आणि तुम्हाला नेमणार कोण, तो की अकादमी. म्हणजे तो उद्या गेला तर तुम्ही कुणाचे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं. दुसऱ्याचं चांगलं मिळालं. तिसऱ्याला समोरचा माणूस “अकादमीच, अर्थात” म्हणाला, पण सरांच्या म्हणण्यानुसार ‘अर्थात’च्या आधी जरा थांबला होता. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे.

सरांचाही एक दोन नंबर आहे. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, त्यांच्याच पहिल्या बॅचमधला, केटीएचएम कॉलेजात शिकतो, सकाळी शंकू लावतो आणि लहान बॅचला वॉर्म-अप देतो. आजवर त्याने एकही संघ निवडलेला नाही.

गेल्या रविवारी सर मिसळीला आले नाहीत. अण्णा आणि मी परतताना मैदानाकडे वळलो. चौदा वर्षांखालच्या पोरांचा मित्रत्वाचा सामना चालू होता, आणि संघाची यादी त्या पोराच्या हातात होती. सर कंपाउंडच्या भिंतीला टेकून, दोन्ही हात खिशात घालून उभे. आपली पोरं ०-१ ने मागे होती. त्या पोराने एकदा वळून भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं. सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीन बंदच होती.

शेवटी त्या पोराने स्वतःच हात वर करून रेफरीला थांबवलं आणि बाकावरच्या सगळ्यात लहान पोराला उभं केलं.